वहिनींचं बी१२ आत्ताच तपासा

हायडेलबर्ग,
२३ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू वहिनींची गोड बातमी सांगितलीस तेव्हा मला धड बोलता आलं नाही. तुला वाटलं असेल, हिला आनंद झाला नाही की काय. आनंद झालाच गं. पण त्याच क्षणी एक गोष्ट घशाशी आली, जी मी दोन वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवली आहे. फोनवर सांगितली असती तर तू रडली असतीस, दादानं मधेच फोन घेतला असता आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. हे पत्र वहिनींनाही वाचायला दे, आणि बाळंतपणाला त्या गडहिंग्लजला जातील तेव्हा त्यांच्या आईंनाही दे.

सई सहा दिवसांची होती तेव्हा दवाखान्यातून फोन आला होता. इथं जर्मनीत बाळ जन्मलं की ३६ ते ७२ तासांच्या आत त्याच्या टाचेला बारीकशी सुई टोचून रक्ताचे चार-पाच थेंब एका जाड कागदावर टिपून घेतात. वाळलेले ते ठिपके प्रयोगशाळेत जातात आणि त्यातून कितीतरी जन्मजात आजार शोधतात. हायडेलबर्गच्या विद्यापीठाच्या रुग्णालयानं २०१६ पासून पालकांची संमती घेऊन त्यात आणखी काही आजार शोधायला सुरुवात केली, आणि त्यातच बी१२ या जीवनसत्त्वाची कमतरता होती. आम्ही सही करताना कागद नीट वाचलाही नव्हता. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही शाकाहारी आहात का?" मी म्हटलं, हो, आमचं घर माळकरी आहे. त्या म्हणाल्या, उद्या बाळाला घेऊन या, आणि तुमचंही रक्त लागेल.

त्या रात्री मी सईकडे बघत बसले होते. ती दूध ओढत होती, हातपाय हलवत होती, भूक लागली की घर डोक्यावर घेत होती. काही बिघडलंय असं कुणालाच दिसलं नसतं. मला नाही, तुला नाही, घरी येणाऱ्या सुईणीलाही नाही.

माझ्या रक्तात बी१२ निघालं १४८. दोनशेच्या खाली म्हणजे कमीच. माझ्यातच नव्हतं, तर पोटातल्या लेकराला मी देणार कुठून? सईला थेंब सुरू केले आणि मला इंजेक्शनं. व्हिडिओ कॉलवर ते थेंब पाजताना तू बघितलंस, तेव्हा मी "ड जीवनसत्त्वाचे आहेत" म्हणाले होते. तेही चालू होते, पण ती अर्धीच गोष्ट होती. तीन महिन्यांनी आकडे जागेवर आले. आता ती दोन वर्षांची आहे, जिने चढते, आणि आबांचा आवाज ऐकला की फोनच हिसकावून घेते. तू काळजी करशील म्हणून तेव्हा सांगितलं नाही. चुकलं माझं. तेव्हाच सांगितलं असतं तर तुझं आणि वहिनींचं रक्त दोन वर्षांपूर्वीच तपासून झालं असतं.

तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं होतं, वाळलेल्या ठिपक्यातून हे कळतं तरी कसं? त्यांनी जे सांगितलं ते मला आपल्या कारखान्यासारखं वाटलं. आत्ता गाळपाचे दिवस आहेत. आतलं यंत्र अडलं की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. आत न जाताही रांग बघून कळतं, गाळप थांबलंय. बी१२ कमी पडलं की शरीरातली दोन कामं तशीच अडतात आणि पुढं न गेलेला माल रक्तात साचत जातो. मिथाइलमलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन अशी त्यांची नावं. टाचेच्या रक्तात आधी एक ढोबळ खूण बघतात. ती वाढलेली दिसली तर त्याच कागदावरच्या उरलेल्या ठिपक्यातून या दोन गोष्टी मोजतात. बाळाला काही होण्याच्या कितीतरी आधी ही रांग दिसते.

कारण त्रास सुरू होतो तो उशिरा, बहुतेक वेळा चार-सहा महिन्यांनी. जन्मताना आईकडून आणलेला थोडासा साठा तोवर संपतो आणि अंगावरच्या दुधातूनही पुरेसं येत नाही. मग बाळ मलूल होतं, हसायचं थांबतं, वरचं खायला तोंड उघडत नाही. केस विरळ होतात, बोटांच्या सांध्यांवर काळपट डाग येतात. सावरायला लागलेली मान पुन्हा पडते. काहींचे हातपाय थरथरतात. लवकर बी१२ मिळालं तर बाळ बघता बघता सुधारतं. उशीर झाला तर मेंदूच्या वाढीत मागं पडलेलं सगळंच भरून येईल असं नाही.

आई, तुला आपल्या बोळातल्या त्या काकूंचं बाळ आठवतं? मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. सगळ्या पेठेत कौतुक होतं, "पोरगं लई गुणाचं, रडायचं नाव न्हाई." मग बसायला लागलेलं ते बाळ सातव्या महिन्यात बसेना. हात थरथरायचे. दृष्ट काढली, काळा दोरा बांधला, जोतिबाला नेलं. त्याला नेमकं काय झालं होतं ते मी इथून सांगू शकत नाही. पण डॉक्टर एकेक लक्षण सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तेच बाळ आलं. आपल्याकडं शांत बाळाची दृष्ट काढतात गं, त्याचं रक्त कुणी काढत नाही.

आता तू म्हणशील, कोल्हापुरात राहून दुधाची कमी? मलाही तेच वाटायचं. गंगावेशीत म्हशी पिळून धारोष्ण दुधाचे पेले हातात देतात त्या गावच्या आपण. पण आपल्या घरातलं दूध कुठं जातं ते आठवून बघ. आबांचा पेला, तालमीतून आलेल्या दादाचा तांब्या, पोरांचे कप, विरजण, आणि उरलेलं चहात. तू आणि मी चहातलंच दूध प्यायलो. वहिनीही तेच पीत असणार. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम बी१२ मिळतं. गरोदर बाईला दिवसाला अडीचच्या आसपास लागतं. चहातल्या दोन पळ्यांनी ते कसं भरणार? आणि डोहाळजेवणाला आपण जे करतो, डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, त्यात बी१२ नाही. तुपातही नाही, ते दुधाच्या पाणीदार भागात राहतं. पालेभाज्यांत नाही, कडधान्यांत नाही.

हे आपल्याच घरचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. त्यात तिघींपैकी जवळजवळ दोघींचं बी१२ कमी निघालं होतं. फॉलिक ॲसिड मात्र जवळपास सगळ्यांचं चांगलं होतं.

दवाखान्यातून वहिनींना लाल गोळी मिळत असेल. ती त्यांनी रोज घ्यायचीच. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, पण बी१२ नसतं. फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी१२ची उणीव मागं झाकून राहते. म्हणून हिमोग्लोबिन चांगलं आलं की निश्चिंत होऊ नका. वेगळं सांगून बी१२ आणि जमलं तर होमोसिस्टीन तपासायला सांगा. आधी रक्त द्यायचं आणि मग गोळी सुरू करायची, नाहीतर आकडा फसवा येतो. गोळी किती आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. माळेची काळजी करू नको. औषधातलं बी१२ जिवाणूंपासून बनवतात, त्यात मांस-अंडं काही नसतं. फक्त कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागायची, कारण कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं.

टाचेची तपासणी आपल्याकडं सगळ्या बाळांची आपोआप होत नाही, मागावी लागते. गडहिंग्लजचे डॉक्टर ठिपके कुठल्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि त्यात काय काय बघतात, हे दादानं आत्ताच जाऊन विचारावं. बाळंतपणाच्या गडबडीत कुणाला सुचणार नाही. पण तिच्यावरही सगळी भिस्त नको. आईचं बी१२ कमी असूनही जन्मतः काही बाळांच्या रक्तात खूण दिसत नाही. म्हणून आईचं रक्त आधी. जन्मल्यावर बाळाला के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, त्यालाही कुणी "एवढ्याशा जिवाला सुई कशाला" म्हणू नका. ते रक्तस्राव होऊ नये म्हणून असतं.

वहिनी, आता तुम्हाला. तपासणीत कमी निघालं तर माझ्यासारखं स्वतःला दोष देत बसू नका. मी तीन रात्री झोपले नव्हते आणि त्यानं सईला एक थेंबही जास्त मिळाला नाही. अंगावर पाजणं बंद करा असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. तुम्हाला बी१२ मिळालं की दुधातून बाळालाही मिळतं. आणि दुधाचा पेला मागायला लाजू नका. सकाळी एक, रात्री एक, आणि दुपारी ताक. आई, तो पेला तू त्यांच्या हातात द्यायचास, त्या स्वतःहून घेणार नाहीत. तुझ्यासाठीही एक भर.

रक्त देऊन आलात की रिपोर्टचा फोटो लगेच पाठवा. तुझाही रिपोर्ट हवा आहे मला. मुंग्या येतात म्हणून तू रात्री पाय चोळत बसतेस, ते मी विसरले नाही.

सईच्या थेंबांची पहिली रिकामी बाटली मी जपून ठेवली आहे. मार्चमध्ये येईन तेव्हा दाखवते. आबांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
वैशू