माळ्यावरची बार्शी लाइट

तात्या, नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मग आई मधनं ओरडून सांगते आणि माझ्या दहा वाक्यांचं एक होतं, म्हणून हे टाइप करून पाठवतेय. दादाला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला.

त्या दिवशी विचारलंत ना, माळ्यावर कसली रेल्वे ठेवलीस म्हणून. आपल्याकडं सांगलीत माळा म्हणजे पुराचं पाणी चढायच्या आत गव्हाची पोती टाकायची जागा, 2019 ला तर आईची शिलाई मशीन पण तिथंच बसली होती. इथं इंग्लंडात कौलाखाली तिरकी मोकळी जागा असते, वर जायला ओढून खाली घ्यायची शिडी, उभं फक्त मधोमध राहता येतं, कडेला सरकलं की वाश्याला टाळकं आपटलंच. तिथं प्लायवूडच्या फळीवर मी आपली बार्शी लाइट, म्हणजे मिरज-पंढरपूरची अरुंद रुळांची छोटी गाडी मांडलीय, मिरजेचा नॅरो गेजचा फलाट, आरग आणि सलगरे एवढी स्टेशनं बसवलीत, मधलं बेळंकी खाल्लं, रागावू नका, घर लहान आहे.

सगळं खऱ्याच्या 76 पट लहान. आता तुम्ही लगेच हिशेब घालणार, खऱ्या गाडीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिलिमीटर, त्याला 76 नी भागलं की 10 येतात. माझा रूळ 9 चा आहे, कारण तयार रूळ आणि तयार चाकं 9 चीच मिळतात. म्हणजे गेज एक मिलिमीटर कमी. तुमच्या मुकादमानं पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं मला.

पण खरी फजिती पुढंच आहे. जानेवारीत रूळ टाकले, वर इतकी थंडी की बोटं वळत नव्हती, आणि मी जोडाला जोड अगदी घट्ट टेकवला, दिसायला काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू! जुलैत उन्हाची लाट आली, कौलं तापली, माळ्यावर 40 च्या पुढं गेलं. संध्याकाळी वर जाऊन बघते तर आरगच्या पुढं चार मीटरच्या सरळ रुळाचा साप झालेला, दोन स्लीपर उपटलेले आणि डबा खाली फरशीवर. चार मीटरला अडीच मिलिमीटर वाढतो हो एवढाच, आणि खालची फळी थंडीत ओल पिऊन फुगलेली ती उन्हात सुकून आकसली, म्हणजे दोघं दोन दिशेला. तात्या, मी कीमनची, रोज रूळ तपासत चालणाऱ्याची मुलगी आहे! एप्रिलच्या दुपारी पाना आणि हातोडा घेऊन तुम्ही निघायचात, मी मागं मागं, आणि प्रत्येक फिशप्लेटपाशी, दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीपाशी, थांबून फट बघायचात. फट नसली तर रूळ जाणार कुठं, बाजूलाच जाणार, हे तुम्ही मला दुसरीत असताना सांगितलं होतं आणि मी इंजिनियर होऊन विसरले. दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, ह्यांना पण नाही.

आता बारक्या करवतीनं कापून पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवलीय जोडाजोडाला. इंजिनाला 12 व्होल्टचा करंट रुळातनंच मिळतो, म्हणून प्रत्येक तुकड्याला खालनं वेगळी वायर डाख देऊन जोडावी लागली, मान मोडली. पण गाडी सोडली की खट-खट, खट-खट वाजतं. नातवानं तुम्हाला ऐकवायला रेकॉर्ड केलंय.

टपावर वारकरी पण बसवलेत. दुकानात मिळतात ते सगळे हॅटवाले साहेब, त्यांच्या हॅट कानशीनं घासून गोल केल्या आणि पांढऱ्या रंगवल्या, कोट पण पांढरे, एकेकाला पाऊण तास लागतो. सव्वीस झालेत. एकाची मान तुटली, तो आत सीटवर झोपवलाय.

अजून एक. आमच्या स्टोकपासनं जवळच मॅनिफोल्ड नदीच्या दरीत एक सायकलची वाट आहे, वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, 13 किलोमीटर. ती आधी रेल्वे होती, 1904 ला सुरू झाली, 1934 ला बंद, एक बोगदा अजून शाबूत आहे. गेज आपलाच, अडीच फूट, आणि इंजिनियर पण तोच कॅलथ्रॉप ज्यानं 1897 ला बार्शी लाइट काढली, यार्डाला 30 पौंड वजनाचे हलके रूळ, एका अ‍ॅक्सलवर 5 टनांचाच भार. म्हणजे तो आधी आपल्याकडं शिकला आणि मग इथं केलं! इथल्या इंजिनांना पुढं भला मोठा दिवा होता म्हणे, अगदी आपल्याकडच्यासारखा. मी तिथं सायकल थांबवून खाली वाकून फिशप्लेट शोधत होते, मिळेल कशी, नुसतं डांबर. मागनं येणाऱ्या बाईला वाटलं मला चक्कर आली.

आता कामाचं. आपल्या क्वार्टरपुढची चिंच फलाटाच्या कुठल्या टोकाला होती, मिरजेच्या बाजूला का पंढरपूरच्या? दादा म्हणतो मिरजेच्या, मला पक्कं आठवतं त्या झाडाखालनं गाडी येताना आधी इंजिन दिसायचं आणि मग मी पळत घरात सांगायला यायचे, म्हणजे पंढरपूरच्याच. आणि हापशी कुठं होती? जुन्या कॅलेंडरच्या मागं रेघोट्या मारून दादाकडनं फोटो पाठवा. चिंच बुटक्या ब्रशाच्या केसांची करणार आहे, तोवर ती जागा मोकळी ठेवलीय.

आईला म्हणावं शेंगदाण्याची चटणी संपली.

तुमची धाकटी