एका बॅकस्पेससाठी तीन रविवार

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज बघितला, लिब्रेऑफिसचा (ते फुकटचं ऑफिस, रायटर त्यातलाच) कोड घेऊन बसलोय पण बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम, काय होईना, सोडून देणार म्हणतोयस. सोडू नको यार. मी पण तीन रविवार घातलेत त्यात, आणि फोनवर सांगितलं तर तू अर्धं ऐकून हो हो करणार हे माहितीये, म्हणून सगळं लिहूनच काढतो.

पहिला रविवार तर नुसता कोड उतरवण्यात गेला. गिट क्लोन मारलं, म्हणजे अख्ख्या कोडची प्रत मागवली, ती पण मोबाईलच्या हॉटस्पॉटवर (अक्कल बघ), सप्टेंबर २००० पासूनचा सगळा इतिहास त्याच्यात आहे, म्हणजे काही जीबींचा मामला, आणि बऱ्यापैकी पुढे गेल्यावर फोन आला, नेट तुटलं आणि खाली एक ओळ आली, अर्ली ईओएफ, म्हणजे माल मध्येच तुटला. संपलं. मला वाटलं जिथं थांबलं तिथून उचलेल, पण क्लोन तसं करत नाही, पुन्हा शून्यापासून. दिवसाचा डेटा गेला तो गेलाच. मग कळलं की डेप्थ एक देऊन फक्त ताजी अवस्था घ्यायची आणि जुनं नंतर सवडीनं आणायचं. आणि हो, फोल्डरच्या नावात स्पेस नको, मेकला (कोड कंपाइल करून घेणारं टूल) ती पचत नाही. तुझा तो "नवा प्रोजेक्ट फायनल" फोल्डर आधी बदल.

दुसऱ्या रविवारी ऑटोजेन, म्हणजे बिल्डला लागणारं सगळं मशीनवर आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट. तुझं घोडं इथंच अडलंय ना? ते एक एक करून रडतं, जीपर्फ नाही, मग बायसन नाही, मग अजून काहीतरी, आणि आपण एक एक पॅकेज टाकत बसतो, दुपार जाते. तसं करूच नको. उबुंटूला एकदाच सांगायचं, ॲप्ट बिल्ड-डेप लिब्रेऑफिस, ते लागणाऱ्या बहुतेक वस्तू स्वतः घेऊन येतं. फक्त त्याआधी सोर्सेसमध्ये डेब-एसआरसी (सोर्स पॅकेजवाल्या ओळी) चालू करावं लागतं, नाहीतर ते डेब-एसआरसी यूआरआय टाका म्हणून एरर देतं, आणि मी तो एरर न वाचता अर्धा तास इंटरनेटला शिव्या दिल्या. एरर वाचत जा रे. म्हणजे मी वाचत नाही पण तू वाच.

त्यानंतर मेक. स्क्रीनवर सीएक्सएक्स, सीएक्सएक्स, सीएक्सएक्स अशा ओळी पळायला लागतात (कंपाइल होणारी एकेक सी++ फाईल), पंखा असा ओरडतो की आईनं आतून विचारलं, मिक्सर चालू राहिला का. बघायला मजा वाटते पहिली वीस मिनिटं. जेवून आलो तर सगळं थांबलेलं आणि शेवटी एकच शब्द, किल्ड. मला वाटलं कोडमध्येच काहीतरी मोडलंय, दोन तास त्या फाईलमध्ये डोकं घातलं जिच्यावर ते थांबलं होतं. फाईल बिचारी निर्दोष. माझा लॅपटॉप आठ जीबीचा, मेकनं आठ कोअर दिसल्यावर आठ कंपायलर एकदम सोडले, रॅम संपली आणि कर्नलनं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यानं, त्यातल्या एकाचा गळा धरला. तुझा पण आठ जीबीचाच आहे म्हणून हे नीट ऐक, ऑटोजेन डॉट इनपुट नावाची फाईल बनव आणि त्यात विथ-पॅरललिझम बरोबर तीन असं लिहून टाक, वेळ जास्त लागेल पण मरणार नाही. पुन्हा मेक मारलं की झालेलं काम ते पुन्हा करत नाही, तेवढी दया आहे त्याच्यात. सीकॅश (एकदा कंपाइल झालेलं जपून ठेवतं ते) पण आधीच टाकून ठेव आणि त्याला जागा भरपूर दे, पुढे ब्रँच बदलत बसशील तेव्हा आठवण काढशील माझी.

रात्री लावून झोपलो आणि सकाळी उठून बघतो तर झालेलं. इन्स्टडिर फोल्डरमधलं एसऑफिस चालवलं, रायटर उघडला, तोच नेहमीचा रायटर, काहीच वेगळं नाही, आणि तरी मी वेड्यासारखा त्याच्याकडे बघत बसलो.

आता तुझा मूळ मुद्दा. तू म्हणालास मला मराठी मेनूमधले अवघड शब्द सुधारायचेत. अरे मग त्यासाठी हे काहीच लागत नाही, भाषांतर वेबलेटवर ब्राउझरमध्ये होतं, खातं काढ आणि सुरू कर. पण तुझं दुसरं रडगाणं, की बॅकस्पेस नाहीतर डिलीट मारलं की कधी अख्खं अक्षर जातं कधी अर्धं, त्याला मात्र कोड लागतो, म्हणून तिसरा रविवार मी तिथं घातला.

रायटरचा फोल्डर म्हणजे एसडब्ल्यू. हे नाव स्टाररायटरचं, कारण मूळ स्टारऑफिस जर्मन कंपनीचं होतं, १९९९ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सनं घेतलं आणि २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळं निघालं. कोडमधल्या जर्मन कमेंट्स इंग्रजीत आणायला लोकांना वर्षं लागली, त्या शोधायला खास स्क्रिप्ट आहे, म्हणजे विचार कर. तर एसडब्ल्यूमध्ये आत आत गेलं की डिलीट डॉट सीएक्सएक्स सापडते, तिच्यात डेललेफ्ट म्हणजे आपला बॅकस्पेस आणि डेलराइट म्हणजे डिलीट. डेललेफ्टमध्ये चार्स (आतला एकेक तुकडा) लिहिलंय आणि डेलराइटमध्ये सेल्स (डोळ्याला दिसणारं अख्खं अक्षर). एवढाच फरक! "मी" लिही. डोळ्याला एक अक्षर पण आत दोन गोष्टी, म आणि वेलांटी. अक्षराच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस मारला की वेलांटी जाते, म राहतो. अक्षराच्या सुरुवातीला ठेवून डिलीट मारला की दोन्ही जातात.

मी चार्स खोडून सेल्स केलं, मेक एसडब्ल्यू डॉट बिल्ड मारलं, चहा होईपर्यंत झालं, उघडलं, "मी" लिहिलं, बॅकस्पेस मारला आणि अख्खं "मी" गायब. एक शब्द बदलून, यार! बाबांना बोलावून दाखवलं, ते सोसायटीच्या नोटिसा रायटरमध्येच टाइप करतात ना. त्यांनी पाच मिनिटं वापरून बघितलं आणि म्हणाले, हे नको, पूर्वी वेलांटी चुकली तर तेवढीच खोडता यायची, आता सगळंच पुन्हा लिहावं लागतंय. बरोबरच होतं त्यांचं. ती चूक नव्हतीच, मुद्दाम केलेलं होतं. गिट चेकआउट मारून गुपचूप जुनं परत आणलं.

तर माझं असं मत झालंय की पहिला पॅच (कोडमधला बदल), तो तपासायला पाठवायची साइट गेरिट, लायसन्सचा मेल वगैरे नंतर बघ, आधी नुसतं बिल्ड कर आणि असलं काहीतरी मोडून बघ. बग सोडवायच्या नादात आधी लागलास तर कंटाळशील.

मी शनिवारी लातूरला येतोय. क्लोन आणि एक्स्टर्नलमधला टारबॉल्सचा फोल्डर (बिल्ड करताना उतरवलेल्या बाहेरच्या लायब्ररी) दोन्ही हार्ड डिस्कवर घेऊन येतो, म्हणजे तुझं डाउनलोड जवळपास वाचलं. सगळं टार करूनच, म्हणजे एका फाईलीत बांधूनच, आणतो, कारण मागे डिस्कवर तसंच कॉपी केलं तर सगळ्या परमिशन उडाल्या आणि गिटला वाटलं मी अख्खा प्रोजेक्ट बदललाय. तू फक्त जागा मोकळी करून ठेव, साठ-सत्तर जीबी तरी, ती कॉलेजातली पिक्चरं आता डिलीट कर, आणि काकूंना सांगून ठेव की रात्रभर पंख्याचा आवाज येईल, मध्येच उठून प्लग काढायचा नाही. मागच्या वेळी काढला होता, आठवतंय ना?

तुझाच,
गण्या