टीचर, लुईझ फारांकची ओळख करून दिल्याबद्दल

प्रिय टीचर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र नुसतं तुम्हालाही पाठवता आलं असतं. पण तुमच्या हाताखालून गेलेल्या मुली आता जगभर विखुरल्या आहेत. त्यातल्या कितीतरी जणींच्या फायलीत तुम्ही दिलेले झेरॉक्सचे कागद अजून असणार. त्यांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

पियानोचा नवीन पीस दिला की कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुम्ही पेन्सिलीने संगीतकाराची माहिती लिहून द्यायचात. बाख, मोत्झार्टच्या मागे काही नसायचं. "त्यांचं कुठल्याही पुस्तकात मिळेल," म्हणायचात. जी नावं पुस्तकांतून गळलेली, त्यांच्यासाठी मात्र बारीक अक्षरात पान भरायचं. शोपँच्या कितीतरी आधी ११४ स्टडीज, म्हणजे सरावाचे पीस, लिहून ठेवणारी एलेन द मोंजरू मला अशीच कळली. आणि लुईझ फारांक. तिच्या स्टडीमागे तुम्ही लिहिलं होतं: पॅरिस, १८०४ ते १८७५. संगीतकार राइखाकडे शिकली. कॉन्झर्व्हेटरीत (पॅरिसच्या संगीत विद्यालयात) ३० वर्षं प्राध्यापक. मुलगी व्हिक्टोरिन. आणि खाली, दोनदा अधोरेखित करून: "नॉनेट ऐकायचंच."

ऐकलं, टीचर. नऊ वाद्यं: व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि 'बसून' हे खर्जातलं फुंकवाद्य. त्यातलं एकही वाद्य नुसतं मागे उभं राहून साथ करत नाही. दुसऱ्या भागात एक साधीशी चाल येते आणि मग तिची एकेक रूपं उलगडत जातात, दर वेळी वेगळ्याच वाद्याच्या हातून. स्केर्झो, म्हणजे खेळकर चालीचा भाग, सुरू होतो तो तंतुवाद्यांच्या तारा बोटांनी छेडत, पाऊल न वाजवता कुणीतरी जिना उतरावं तसा. मी तो भाग पुन्हा पुन्हा लावते. आता शिकणाऱ्या मुलांनाही ऐकवते आणि म्हणते, आधी बासरीच्या मागे जा, मग 'बसून'च्या. तुम्ही आम्हाला असंच ऐकायला शिकवलंत.

हे नॉनेट १८५० मध्ये पॅरिसला पहिल्यांदा जाहीर वाजलं, तेव्हा व्हायोलिनवर योझेफ योआखिम होता, वय जेमतेम १८. पुढे ब्राम्सने आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो ज्याच्यासाठी लिहिला, तोच. कार्यक्रम गाजला. लुईझ १८४२ पासून कॉन्झर्व्हेटरीत पियानो शिकवत होती, आणि तेही फक्त मुलींच्या वर्गाला. पगार पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी. नॉनेटच्या यशानंतर तिने संचालक ओबेर यांना पत्र लिहून बरोबरीचा पगार मागितला आणि मिळवला. आज तिचं नाव निघतं ते बहुतेक या एका गोष्टीसाठी. गोष्ट मोठी आहेच. तरी मला वाटतं, ती सांगून झाली की लोक थांबतात, आणि तिचं संगीत न ऐकताच राहतं. तुम्ही तसं केलं नाहीत. त्या पानावर पगाराचा उल्लेखही नव्हता, नॉनेटचा होता. याबद्दल तुमचे पहिले आभार.

त्या पानामुळे मी पुढे शोधत गेले. लुईझचं घराणं शिल्पकारांचं होतं. बास्तीय चौकातल्या उंच स्तंभाच्या टोकावर सोनेरी पंखांची जी मूर्ती आहे, ती तिच्या भावाने, ओग्युस्त द्युमोंने घडवलेली. पॅरिसला गेलेला प्रत्येक जण ती बघतो. बहिणीच्या तीन सिंफनी तिच्या हयातीत छापल्याही गेल्या नाहीत. नवरा आरिस्तिद बासरीवादक आणि प्रकाशकही. तिचे पियानोचे पीस आणि चेंबर म्युझिक त्याने हौसेने छापलं. पण ऑर्केस्ट्राचं संगीत छापणं खर्चाचं काम होतं, आणि त्या काळच्या पॅरिसमध्ये संगीतकाराला नाव मिळायचं ते ऑपेरातून. तिने ऑपेरा लिहिलाच नाही. सिंफनी, ट्रिओ, क्विंटेट लिहिली. जर्मनीत ज्याला मान होता ते काम तिने पॅरिसमध्ये बसून केलं. ती विसरली गेली त्यामागे ती बाई होती हे कारण आहेच, पण हेही तितकंच मोठं आहे असं माझं मत झालंय. तिसरी सिंफनी, जी मायनरमधली, १८४९ मध्ये कॉन्झर्व्हेटरीच्या नामांकित ऑर्केस्ट्राने वाजवली होती. तिच्या छापील संहितेला विसावं शतक संपत यावं लागलं.

आता व्हिक्टोरिन. तिच्या नावापुढे तुम्ही फक्त १८५९ लिहिलं होतं, आणखी काही नाही. ती उत्तम पियानोवादक होती, आईच्याच वर्गात शिकून कॉन्झर्व्हेटरीचं पहिलं बक्षीस मिळवलेली. दीर्घ आजारपणानंतर ती गेली, वय अवघं ३२. त्यानंतर लुईझने नवीन जवळजवळ काही लिहिलं नाही. मात्र ती नुसती बसूनही राहिली नाही. आरिस्तिदने आणि तिने मिळून जुन्या कीबोर्ड संगीताचा मोठा संग्रह छापायला घेतला, 'ल त्रेझोर दे पियानिस्त'. १८६१ ला काम सुरू झालं, १८६५ मध्ये आरिस्तिद गेला, आणि बरेच खंड अजून व्हायचे होते. ते तिने एकटीने पुरे केले. एकूण २३ खंड. कूपरँ, रामो, स्कार्लाती असे तीनशे वर्षांतले संगीतकार, त्यातले कित्येक तेव्हा कुणी वाजवतही नव्हतं. खंड निघत होते तसतशी ती आपल्या विद्यार्थिनींकडून ते संगीत कार्यक्रमांत वाजवून घेत होती.

टीचर, विसरलेल्यांना पुन्हा वाजतं करायचं काम तिने केलं, आणि तिच्यासाठी तेच तुम्ही केलंत. जूनमध्ये हवा दमट झाली की तुमच्या पियानोच्या पट्ट्या अडकायच्या, आत रात्रंदिवस बल्ब लावून ठेवायचात, आणि त्याच पियानोवर आम्ही फारांक शिकलो. परीक्षेसाठी तो पीस लागत नव्हता. एका पालकांनी तसं बोलून दाखवलं होतं, माझ्यासमोरच. तुम्ही शांतपणे म्हणालात, "परीक्षेचं होईल. हेही व्हायला हवं." तेवढ्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

आणि आता एक काम आहे. तिचं ए मायनरमधलं पियानो क्विंटेट आम्ही पाच जणी वाजवायला घेतलंय, ऑपस ३०. शूबर्टच्या 'ट्राउट' क्विंटेटसारखीच वाद्यं त्यात, म्हणजे डबल बास हवा. आमची डबल बास वाजवणारी डिसेंबरात परदेशी निघालीय. तुम्ही आता मडगावला असता, गोव्यात ओळखीचं कुणी असेल तर कळवा. तालीम दर रविवारी सकाळी असते. राहायची सोय मी करते. आणि तुम्हीही या, मागच्या पानावर काय लिहायचं ते आम्हाला अजून विचारायचंय.

तुमची विद्यार्थिनी