वेग मोजायला पोलिसांना साधने आणि पैसा द्या

महोदय,

शनिवार-रविवारी सुरूर फाट्यावरून वाईमार्गे पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांचा वेग पाहिला की रस्त्याकडेला उभे राहायचीही भीती वाटते. पसरणी घाटात तर कहरच चालतो. पुढचे काही दिसत नसताना ऐन वळणावर एसटीला ओव्हरटेक करतात. वरून उतरणारा दुचाकीवाला कठड्याला खेटतो आणि चुकीच्या बाजूने आलेला मोटारवाला उलट त्यालाच हॉर्न मारून निघून जातो. एसटीचे चालक अशा वेळी गाडी जागच्या जागी उभी करतात, म्हणून पुष्कळदा थोडक्यात निभावते.

पोलीस काय करतात, असे सगळेच विचारतात. ते नाक्यावर उभे असतात आणि विनाहेल्मेट दुचाकीस्वारांचे फोटो काढत असतात. आठवडी बाजार करून गावाकडे निघालेला शेतकरी सापडतो, भरधाव गेलेली मोटार निसटते. याचा राग येतो, पण दोष त्या हवालदाराचा नाही. डोक्यावर हेल्मेट नाही हे फोटोत दिसते, वेग दिसत नाही. त्याचा पुरावा द्यायचा तर स्पीडगन किंवा वेग मोजणारा कॅमेरा हवा. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १६७ अ नुसार अशा उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. म्हणजे यंत्र एकदा विकत घेतले की काम संपले, असे होत नाही. तपासणी, दुरुस्ती, गाडी, डिझेल, रात्रपाळीची माणसे हा दरसालचा खर्च आहे आणि त्याची तरतूद कुणीतरी करायला हवी.

केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. देशभरातल्या त्या मृत्यूंपैकी ७१.२ टक्क्यांची नोंद अतिवेगाखाली आहे. एवढे ठाऊक असूनही ज्याने सर्वाधिक जीव जातात तो गुन्हा पकडायची साधने तालुक्याच्या पोलिसांकडे पुरेशी नसावीत, हे मला अजिबात मान्य नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये दीडशेच्या आसपास बळी गेले होते. तिथे रस्त्यातले दोष, गस्त आणि वेगावरची कारवाई यांवर एकत्र काम झाले आणि पुढच्या काही वर्षांत ही संख्या निम्म्याहून खाली आली.

पैसा कुठून आणायचा? जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना नव्या गाड्या मिळतात, पालकमंत्री झेंडा दाखवतात, ते चांगलेच आहे. त्याच वार्षिक आराखड्यात वेगनियंत्रणासाठी स्वतंत्र रक्कम राखून ठेवावी. मोटारीच्या अतिवेगाचा दंड राज्यात दोन हजार रुपये आहे. तो राज्याच्या तिजोरीत जातो, त्यातला ठरावीक वाटा ज्या जिल्ह्यात वसूल झाला तिथल्या वाहतूक शाखेला परत मिळावा. मात्र हा वाटा चलनांच्या संख्येवर मुळीच ठरवू नये. तसे केले तर टार्गेट येईल आणि पुन्हा तोच बाजाराला आलेला शेतकरी भरडला जाईल. मागच्या तीन वर्षांत कोणत्या टप्प्यावर किती जीव गेले, ते पाहून रक्कम ठरवावी.

पसरणी घाटासाठी मागणी मोठी नाही. पायथ्याला आणि माथ्यावर एकेक कॅमेरा बसवावा आणि दोन्हींतल्या वेळेवरून सरासरी वेग काढावा, म्हणजे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेला की पुन्हा सुसाट, हा खेळ चालणार नाही. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत एक इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजायची यंत्रे बसवलेली पोलिसांची गाडी, फिरता ठेवावा. कारवाई करणाऱ्यांच्या अंगावर बॉडी कॅमेरा असावा. वळणावरचा ओव्हरटेक त्यात पकडला जाईल, शिवाय पोलीस नुसती वसुली करतात या तक्रारीचाही निकाल लागेल.

घाटरस्ता रुंद होण्याची वाट पाहत बसू नये. रस्ता रुंद झाला की वेग आणखी वाढतो, हे महामार्गालगतच्या गावांनी भोगले आहे. आमच्या लोकप्रतिनिधींनी नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि किती रक्कम मंजूर झाली ते तालुक्याला जाहीर सांगावे.

– एक वाचक, वाई (जि. सातारा)