नाव न सांगता निघून गेलेल्यांना

पहिल्या सत्रात 'क्रेडिट' म्हणजे काय हे विचारायची मला लाज वाटायची. घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणीच नव्हतं, त्यामुळे विचारणार तरी कुणाला? आईबाबा फोनवर 'जेवलीस का' एवढंच विचारायचे, आणि त्यात सगळं आलं.

ग्रंथालयात माझ्या शेजारी बसून विषय बदलायची शेवटची तारीख वहीत गोल करून देणारी ताई, तुझं नावही मला ठाऊक नाही. त्या तारखेनंतर विषय सोडला तर गुणपत्रिकेवर शेरा राहतो, हे तू सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं. प्राध्यापकांना भेटायची वेळ दारावर लिहिलेली असते ती हुशार मुलांसाठी नव्हे, अडलेल्यांसाठी असते, हेही तूच सांगितलंस. पहिल्यांदा जाताना दारापर्यंत सोबत आलीस. आत काय बोलायचं ते तीन वाक्यांत लिहून दिलं होतंस, तो कागद अजून आहे.

या न सांगितल्या जाणाऱ्या नियमांना शिक्षणशास्त्रात 'छुपा अभ्यासक्रम' म्हणतात. १९६८ पासून हा शब्द रूढ आहे. मला तो तिसऱ्या वर्षी कळला. (परीक्षेला आला होता!)

आणि तो दादा, ज्यानं माझा शिष्यवृत्तीचा अर्ज तपासताना 'मीही पहिल्या वर्षी नापास झालो होतो' असं सहज सांगितलं. त्या रात्री मी बॅग भरायची थांबवली. तुम्हा दोघांचे, आणि जुन्या प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवून गेलेल्या त्या कुणाचे तरी, मनापासून आभार.