सूचना : पावसाळ्यानंतर जुने संगणक सुरू करण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी होणाऱ्या मासिक बैठकीत, पावसाळाभर बंद राहिलेले कोणतेही संगणक-यंत्र तपासणीशिवाय विजेला जोडू नये. १९८४ पासून ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पातून आपल्याकडील शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये मूळचे पिवळसर, पारदर्शक आवरणाचे कागदी कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) अजून असतील, तर आवरणावर केसासारखे बारीक तडे आहेत का, हे भिंगाने पाहावे. त्या तड्यांतून दमटपणा आतल्या कागदात मुरतो आणि यंत्र चालू केल्यावर थोड्याच वेळात कपॅसिटर फुटून खोलीभर उग्र धूर होतो. (तो वास सभागृहाच्या पडद्यांतून लवकर जात नाही.) झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या ९ व्होल्ट अ‍ॅडॉप्टरची मधली पिन ऋण असते, त्यामुळे केवळ पिन बसते म्हणून घरातला दुसरा अ‍ॅडॉप्टर लावू नये.

फ्लॉपीच्या खिडकीतून चकतीवर पांढरट बुरशी दिसल्यास ती मंडळाच्या ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नये, कारण ड्राइव्हमधील चकती वाचणाऱ्या हेडवर चिकटलेली घाण पुढच्या सभासदाच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे काढते. सोल्डरिंगचे साहित्य मंडळातर्फे उपलब्ध असेल. बदली कपॅसिटर मात्र प्रत्येकाने स्वतः आणावेत.

– कार्यवाह