६० दिवसांनंतर बातमी कुठे शोधायची?

केंद्रीय सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याची. कारेलीबागेत तळमजल्यावर आमचं घर आहे. ऑनलाइन बातम्या जपून ठेवण्याबद्दल आपल्याला लिहायला निमित्त झालं ते ऑगस्ट २०२४ च्या पुरातल्या एका बातमीचं.

त्या वर्षी गोकुळाष्टमीला, २६ ऑगस्टला, पाऊस लागून राहिला तो थांबेचना. विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं, वीज गेली. त्या दिवसांत पेपर आलाच नाही. येणार कसा? फाटकापाशी कमरेइतकं पाणी होतं. आजव्याच्या धरणातून पाणी सोडलं का, कुठला पूल बंद केला, होडी कुठवर येते आहे, हे सगळं आम्हाला मोबाईलवरच्या बातम्यांतून कळत होतं. फोनचं चार्जिंग पुरवून पुरवून आम्ही आळीपाळीने बातम्या बघायचो. समोरच्या ८० वर्षांच्या काकूंना अंधार पडायच्या आत वरच्या मजल्यावर नेता आलं, ते अशाच एका बातमीमुळे. तेव्हा छापील पेपर गेला म्हणून हळहळायला मी बसलेली नाही. ऑनलाइन बातमीचे आमच्यावर उपकार आहेत.

त्याच दिवसांत एका स्थानिक पोर्टलने आमच्या गल्लीची सविस्तर बातमी दिली होती. पाणी किती वाजता शिरलं, कुठल्या बाजूने आलं, शेजाऱ्यांनी काय सांगितलं, सगळं होतं. एका फोटोत आमच्या जिन्याची चौथी पायरी पाण्याखाली गेलेली स्पष्ट दिसत होती. मी लिंक जपून ठेवली. पुढच्या पावसाळ्याआधी सोसायटीने पावसाळी गटारांसाठी अर्ज करायचा ठरवला, तेव्हा पुरावा म्हणून ती उघडली. पान सापडलं नाही, असं आलं. फोन केला तर तिकडच्या मुलाने नीट बोलून सांगितलं, की सर्व्हर बदलला आणि जुनं सगळं गेलं. त्याला तरी काय बोलणार?

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंच्या माळ्यावर, पस्तीत, म्हणजे रद्दीत, जायला बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात एक अंक सापडला. आतल्या पानावर चार ओळी, त्यातही सोसायटीचं नाव चुकलेलं. पण तारीख होती, पेपरचं नाव होतं, पानाचा आकडा होता. अर्जाला तेच कात्रण जोडलं.

आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यातली. सुरक्षित ठिकाणी हलवलेल्या लोकांचा आकडा सकाळी एक होता आणि दुपारी त्याच बातमीत, त्याच मथळ्याखाली दुसरा. चूक सुधारली हे बरंच झालं. पण सुधारणा केली आहे, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सकाळचा आकडा मी घरात वाचून दाखवला होता. दुपारी माझ्यावरच खोटेपणाचा आळ आला. छापील पेपरात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा येतो आणि आदल्या दिवशीचा अंकही जिथल्या तिथे राहतो.

मंत्रिमहोदय, हा विषय आपल्याच खात्याचा आहे. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकं देण्याबाबतचा १९५४ चा कायदा आहे. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांचीही भर घातली. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीची ग्रंथालयं पुढच्या पिढ्यांसाठी जे जतन करतात, त्याचा आधार हाच कायदा. अंक दिला नाही तर दंड जास्तीत जास्त ५० रुपये, म्हणजे धाक फारसा नाही. तरी अंक जपून ठेवणं हे देशाचं काम आहे, एवढं त्यात मान्य केलेलं आहे. ऑनलाइन बातमीसाठी तेवढंही नाही. १८६७ च्या कायद्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा आला, १ मार्च २०२४ पासून लागूही झाला. त्यातही कागदावर छापलेलंच धरलं आहे. डिजिटल माध्यमांसाठी २०२१ चे नियम आहेत. प्रकाशकाने मजकुराची नोंद किमान ६० दिवस ठेवावी, असं ते म्हणतात, पण ती तक्रारींच्या चौकशीसाठी. माझ्यासारख्या वाचकाला तिचा काय उपयोग? आमचा अर्ज ६० दिवसांत तयार झाला नव्हता. पुराचा चिखल काढण्यातच महिना गेला होता.

बडोदेकर म्हणून मला हे जास्तच लागतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून या संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं. गावोगाव वाचनालयं निघाली, लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या जमिनीवर उभी असलेली लोखंडी कपाटं आजही आहेत. वरच्या मजल्यावरचा उजेड खाली झिरपावा म्हणून ती जमीन काचेची. कागद टिकावा आणि तो वाचणाऱ्याला दिसावा, यासाठी एका राजाने केवढा विचार केला होता!

याच संस्थानात नोकरीला असताना अरविंद घोष यांनी १८९३-९४ मध्ये मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये काँग्रेसच्या धोरणावर टीका करणारी लेखमाला लिहिली. लेखांवर नाव नव्हतं. त्या जुन्या अंकांच्या फायली कुणीतरी सांभाळल्या, म्हणून आज ते लेख आपल्याला वाचता येतात. ती लेखमाला आजच्या एखाद्या पोर्टलवर आली असती आणि वर्षभरात पोर्टल बंद पडलं असतं, तर? आज बडोद्यातला एखादा तरुण नाव न देता जे लिहितो आहे, ते १३० वर्षांनी कुठून वाचायचं?

म्हणून मागते. १९५४ च्या कायद्यात ऑनलाइन वृत्तमाध्यमं आणा. ब्रिटनने २०१३ पासून संकेतस्थळांची प्रत ग्रंथालयात ठेवायला सुरुवात केली आहे, म्हणजे हे न होण्यासारखं काम नाही. बातमी बदलली तर आधीचा मजकूरही साठवला जावा. मोठी वृत्तपत्रं आपली जुनी पानं स्वतः सांभाळतील, त्यांची मला तितकी काळजी नाही. काळजी आहे ती दोन-चार माणसांच्या पोर्टलांची, जी आमच्या गल्लीत पाण्यातून चालत आली. त्यांच्यावर खर्चाचा बोजा नको, उतरवून घेण्याचं काम ग्रंथालयांनीच करावं. बडोद्यासारख्या गावात मराठीत, गुजरातीत, हिंदीत जे येतं ते सगळं त्यात असावं, व्हिडिओसुद्धा.

यात एक भीती मला वाटते आणि ती उघडपणे लिहिते. साठवण्याच्या नावाखाली पाळत नको. जपणारे हात ग्रंथपालांचे असावेत. काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे कुठल्याही सरकारने, आजच्या किंवा उद्याच्या, ठरवू नये. १९५४ च्या कायद्यात सगळ्याच वृत्तपत्रांचा अंक मागितला आहे, सरकारला आवडणाऱ्या आणि न आवडणाऱ्याही. तीच रीत इथे राहू द्या.

आणि ते वाचायला दिल्लीला जावं लागू नये. मांडवीच्या ग्रंथालयात एक टेबल आणि एक संगणक, एवढ्याने आमचं काम होईल.

जिन्याच्या चौथ्या पायरीचा तो फोटो मी अजून शोधते आहे. सोसायटीत कुणाच्या जुन्या फोनमध्ये उतरवून ठेवलेला असेल, म्हणून घरोघरी विचारून झालं, तीन घरं राहिली आहेत.

या पत्राची पोच मिळावी, ही विनंती.

आपली,
बडोद्याची एक वाचक